रोज रात्री तीन मिली: लो डोस नाल्ट्रेक्सोनचे माझे १४ महिने

रात्री साडेनऊला फ्रीजच्या दारातली तपकिरी काचेची बाटली काढते. चांगली हलवते. सुई नसलेल्या पाच मिलीच्या सिरिंजमध्ये तीनच्या रेघेपर्यंत औषध ओढते, जिभेच्या मागे सोडते आणि वर अर्धा पेला पाणी पिते. कारल्याचा रस परवडला इतकं कडू. पहिला महिनाभर मागून गुळाचा खडा लागायचा, आता लागत नाही.

औषधाचं नाव नाल्ट्रेक्सोन. ते इतक्या कमी मात्रेत घेतात तेव्हा त्याला लो डोस नाल्ट्रेक्सोन किंवा नुसतं एलडीएन म्हणतात. मी सुरू केलं तेव्हा मराठीत कुणी स्वतःच्या अनुभवाचं नीट लिहिलेलं मला सापडलं नाही. जे सापडलं ते एकतर 'चमत्कार' म्हणणारं, नाहीतर 'थोतांड' म्हणणारं. माझा अनुभव या दोन्हींत बसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते आणि शेवटी पाचपैकी गुणही देते. मी डॉक्टर नाही. सांगलीत गावभागात राहते, वय ५४, एका पतसंस्थेत २२ वर्षं रोखपाल होते. मला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याचा आजार, आणि थायरॉइडचा हाशिमोटो आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर उठते तो आजार.

दुखणं सुरू झालं २०१९च्या महापुरानंतर. आमच्या घरात पाणी माडीच्या जिन्यापर्यंत आलं होतं. ओसरलं तेव्हा खालच्या खोल्यांत वीतभर गाळ, काळा, चिकट, वास मारणारा. खराट्याने काढला, फावड्याने काढला, कोपऱ्यांतला शेवटी हाताने काढला. जवळजवळ तीन आठवडे हेच काम. सगळ्या गल्लीचंच अंग दुखत होतं, त्यामुळे माझंही दुखतंय याचं कुणाला काही वाटलं नाही, मलासुद्धा. बाकीच्यांचं दिवाळीपर्यंत थांबलं. माझं थांबलं नाही.

सकाळी उठल्यावर बोटं अशी असायची की रात्रभर कुणी पिळून ठेवलीत. मानेच्या मुळाशी, खांद्यांवर, कमरेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्यांच्या आतून ठणका. निऱ्या खोचल्या की परकराची नाडी कमरेत रुतायची, म्हणून घरात साडी सोडली. नातू मागून येऊन गळ्यात पडला की डोळ्यांत पाणी यायचं आणि त्याला वाटायचं आजी रागावली. आणि डोकं. नोटांचं बंडल मोजताना साठ-बासष्टवर आलं की पुढचा आकडाच हरवायचा. मोजायला यंत्र असतं, पण रोखपाल एकदा हाताने मोजतोच. दोनदा रोख जुळली नाही, दोन्ही वेळा मी पदरचे भरले आणि तिसऱ्यांदा तशी वेळ येण्याआधी नोकरी सोडली. २०२१ साल होतं ते.

तपासण्या किती झाल्या त्याची फाइल माझ्या पासबुकांच्या गठ्ठ्यापेक्षा जाड आहे. सगळं नॉर्मल. थायरॉइडच्या अँटीबॉडी तेवढ्या वाढलेल्या. एका ठिकाणी तर मला सांगितलं, 'ताई, मन रमवा कशात तरी.' त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही.

शेवटी मिरजेच्या एका डॉक्टर मॅडमनी निदान केलं. सांगली-मिरज सिटी बसने मी एकटीच गेले होते. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि आधी हाताने तपासलं. कुठे दाबलं तर किती दुखतं, झोपेतून उठल्यावर ताजं वाटतं का, विसरायला होतं का, हे सगळं विचारलं आणि म्हणाल्या, 'दुखणं खरं आहे. तुमचे स्नायू आणि सांधे ठीक आहेत, पण वेदनेचा निरोप मेंदूकडे नेणारी यंत्रणा फार तापट झालीय. साध्या स्पर्शाचासुद्धा ती ओरडून निरोप देते.' खरं आहे एवढं ऐकायलाच मी दोन वर्षं हिंडत होते.

आधी नेहमीची औषधं झाली. प्रिगाबालिनने झोप लागली, पण पाय सुजले, वजन सहा किलो वाढलं आणि दिवसभर डोक्यात धुकं. ड्युलोक्सेटिनने अशी मळमळ की पंधरा दिवसांत बंद करावं लागलं. काहींना हीच औषधं लागू पडतात, माझ्या मावसबहिणीला प्रिगाबालिनने खरोखर बरं वाटतं, म्हणून मी त्यांना नावं ठेवत नाही. मला जमली नाहीत एवढंच.

एलडीएनचा विषय त्यानंतर निघाला. मॅडमनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. आपलं शरीर स्वतःच वेदना शमवणारं द्रव्य बनवतं, एंडॉर्फिन. ते ज्या खिडक्यांवर जाऊन काम करतं त्याच खिडक्यांवर अफूच्या जातीची औषधंही जातात. नाल्ट्रेक्सोन या खिडक्या बंद करतं. ५० मिलिग्रॅमची गोळी घेतली तर खिडकी दिवसभर बंद, म्हणून अफू, हेरॉइन यांचं व्यसन सोडवायला ते वापरतात. अमेरिकेत त्यासाठी १९८४ साली मान्यता मिळाली आणि दारूच्या व्यसनासाठी १९९४ साली. पण रात्री दीड ते साडेचार मिलिग्रॅम एवढंच दिलं तर खिडकी थोडेच तास बंद राहते. तेवढ्यात शरीराला वाटतं रांग वाढलीय, मग ते आणखी खिडक्या उघडतं आणि माल जास्त पाठवतं. औषध उतरलं की त्या वाढीव मालाचा दिवसभर उपयोग होतो. असा एक कयास. दुसरा असा की मेंदूत आणि मज्जारज्जूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. त्या एकदा बिथरल्या की दाह वाढवणारी द्रव्यं सोडत राहतात, आणि हे औषध त्यांना शांत करतं असं प्रयोगांत दिसलंय. कमी मात्रेचा विचार न्यूयॉर्कच्या डॉ. बर्नार्ड बिहारी यांनी १९८०च्या दशकात एड्सच्या रुग्णांपासून सुरू केला. पेनसिल्व्हेनियात इयन झॅगन यांची प्रयोगशाळा त्याआधीपासून कमी आणि जास्त मात्रेचे परिणाम उलटे का होतात ते तपासत होती.

'मात्र फायब्रोमायल्जियासाठी याला कुठेही अधिकृत मान्यता नाही,' हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं. 'मी माझ्या जबाबदारीवर देणार, तुम्ही समजून उमजून घेणार.' यकृताची तपासणी करून घेतली आणि मग विचारलं, 'अफूच्या जातीचं काही घेता का? खोकल्याचं कोडीनचं औषध, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल?'

मी म्हटलं, 'छे हो.'

हे लिहिताना आजही हात थांबतो, पण हा भाग कुणीही गाळून पुढे जाऊ नये.

मी त्याआधी आठ महिने एक गोळी घेत होते. एका औषधाच्या दुकानातून मिळालेली. दुकानदाराने 'जरा स्ट्राँग पेनकिलर आहे, आराम पडेल' म्हणून दिली, चिठ्ठी मागितली नाही, पुढच्या वेळीही मागितली नाही. आराम पडायचा. दिवसाला दोन, वाईट दिवशी तीन. पट्टीवर पॅरासिटामॉल लिहिलेलं मी वाचलं होतं, म्हणून मॅडमना मी पॅरासिटामॉलच सांगितलं. त्याच्या शेजारी दुसरं नाव होतं ट्रॅमाडॉल, ३७.५ मिलिग्रॅम. ते माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. अफू म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे भलतीच माणसं आली, स्वतःची पर्स नाही आली. आणि ट्रॅमाडॉल आपल्याकडे २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, म्हणजे ती गोळी मला चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको होती. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या पट्ट्या आणायला सांगितलं होतं. मी नेल्या नाहीत.

पहिला डोस दसऱ्यानंतरच्या आठवड्यात घेतला. दीड मिलिग्रॅम, रात्री साडेनऊ. साडेदहाला जांभया सुरू झाल्या, एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. मग नाकाडोळ्यांतून पाणी. मग अंगावर काटा, थंडी वाजतेय आणि पाठ घामाने ओली. पायांची अशी तगमग की अंथरुणावर ठेवता येईनात. उठून फेऱ्या मारल्या तर पोटात कळ, पहाटे तीनपर्यंत सात वेळा शौचाला. छातीत धडधड. हे शेजारी बसून पाय चेपत होते आणि पाय चेपलेलाही सहन होत नव्हता. चारला मुलगा म्हणाला, 'आई, आता बास, चल.' दवाखान्यात सलाइन लावलं आणि तिथल्या तरुण डॉक्टरने मुलाला परत घरी पाठवून सगळ्या पट्ट्या मागवल्या. त्याने ती पट्टी उजेडात धरली आणि दुसऱ्या नावावर बोट ठेवलं.

आठ महिन्यांत माझं शरीर ट्रॅमाडॉलला सवकलं होतं आणि नाल्ट्रेक्सोनने त्या सगळ्या खिडक्या एका फटक्यात बंद केल्या. व्यसनी माणसाची नशा अचानक तोडल्यावर होतं तेच मला झालं. मला व्यसन लागलंय हे मला माहीतच नव्हतं. ते समजून घ्यायला पुढे बरेच दिवस गेले, आणि व्यसन असलेल्या माणसांविषयी मी आधी जे बोलायचे ते आता बोलत नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. ट्रॅमाडॉलही एकदम बंद करायचं नसतं असं सांगून त्यांनी हळूहळू उतरवण्याचा तक्ता दिला. अर्धी गोळी, पाव गोळी, दिवसाआड, असे सहा आठवडे. मग पूर्ण दहा दिवस कोरडे. संक्रांतीनंतर पुन्हा एलडीएन, या वेळी एक मिलिग्रॅमपासून. दोन जांभया आल्या तर मी घाबरून बसले, पण त्या झोपेच्याच होत्या.

आता औषध मिळण्याचं. इथे मात्र गुण कापावे लागतात. आपल्याकडे दुकानात नाल्ट्रेक्सोनची ५० मिलिग्रॅमची गोळी मिळते, तीही सगळीकडे नाही. पहिल्यांदा चिठ्ठी दिली तेव्हा काउंटरवरच्या पोराने ती वाचली, माझ्याकडे बघितलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, 'दारू सोडवायचीय का काकू? काकांची का?' आमचे हे माळकरी. मी काही बोलले नाही, गोळ्या न घेता बाहेर आले आणि पुढच्या वेळी मिरजेतून घेतल्या. रस्त्यात मनात आलं, एखादी बाई खरोखर नवऱ्याची दारू सोडवायला हीच चिठ्ठी घेऊन आली असेल तर तिच्यावर काय वेळ येत असेल. औषध देताना आवाज खाली ठेवायला काही पैसे पडत नाहीत.

कमी मात्रेच्या तयार कॅप्सूल काही ठिकाणी बनवून मिळतात. मी त्या दोन महिने कुरिअरने मागवल्या. घ्यायला सोप्या, चव नाही, प्रवासात न्यायला बऱ्या. पण मात्रा वाढवायची म्हटली की नवी डबी, आणि एकदा पार्सल नऊ दिवस अडकलं. पाठवणाऱ्यांनी फोन उचलला नाही. त्यानंतर मॅडमनी पाण्याचा मार्ग दिला. एक ५० मिलिग्रॅमची गोळी, ५० मिली डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे एक मिलीत एक मिलिग्रॅम. हिशेब इतका सरळ की माझ्यासारखीला तो लगेच आवडला. पहिली बाटली मी त्यांच्या टेबलावर त्यांच्यासमोर बनवली. गोळी पाण्यात टाकल्यावर ती फुगते, पापुद्रे सुटतात आणि तळाशी पांढरा गाळ बसतो. मी म्हटलं, विरघळली नाही. त्या म्हणाल्या, गाळ गोळीतल्या भुकटीचा, औषध पाण्यात उतरतं, तरी प्रत्येक वेळी हलवून घ्यायचं. तीन मिलीप्रमाणे बाटली सोळा दिवस जाते, दोन मिली उरतं ते ओतून देते आणि बाटली उकळते. सुरीने गोळीचे तुकडे करून ही मात्रा जमत नाही, गोळीचा चतकोरसुद्धा साडेबारा मिलिग्रॅम होतो. खर्च म्हणाल तर रोजचा टपरीवरच्या चहाच्या आत. माझ्या सगळ्या औषधांत हे सर्वांत स्वस्त.

त्रास काय झाला? स्वप्नं. एलडीएनवर ठसठशीत स्वप्नं पडतात हे वाचलं होतं, पण इतकी पडतील असं वाटलं नव्हतं. माझे वडील हरिपूरला हळदीच्या पेवांवर दिवाणजी होते. जमिनीखालच्या त्या कोठारांत पूर्वी हळद वर्षानुवर्षं ठेवत. लहानपणी मी काठावर उभी राहून बघायचे. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, वारं खेळू द्यायचं, ही वडिलांची ताकीद. दुसऱ्या आठवड्यात स्वप्नात मी त्या पेवात उतरले. हाताला हळकुंडं लागत होती, पिवळी धूळ नाकात जात होती, वरून वडील नाव घेऊन हाक मारत होते. जागी झाले तरी नाकात वास होता. वडील जाऊन १९ वर्षं झाली, आवाज इतका स्पष्ट मी त्यानंतर ऐकलाच नव्हता. हा दुष्परिणाम म्हणून लिहायचा असतो, मी तसा लिहिते, पण त्या रात्रीबद्दल माझी तक्रार नाही. स्वप्नं दीड महिन्यात ओसरली. साडेचार मिलिग्रॅमवर गेले तेव्हा मात्र झोपच तुटायला लागली, दोन वाजता टक्क जाग. म्हणून परत तीनवर आले आणि तिथेच आहे. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, थोडी मळमळ. बाकी काही नाही. यकृताची तपासणी दर सहा महिन्यांनी, आतापर्यंत ठीक.

फायद्याचं मी वहीवरून सांगते. पतसंस्थेची जुनी डायरी होती, तिच्यात औषध सुरू व्हायच्या दोन आठवडे आधीपासून रोज रात्री दहापैकी एक आकडा लिहिते, आज दुखणं किती. सुरुवातीच्या पंधरवड्याची सरासरी ७. पहिल्या महिन्यात ७ च. मॅडमनी सांगितलं होतं की तीन महिने तरी धीर धरा. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी ६ दिसायला लागले. चौथ्या महिन्याची सरासरी ५. तिथून खाली फारसं गेलं नाही. आजही महिन्यातून दोन-तीन दिवस ८ येतो, पावसाळी हवेत जास्त.

दोन गुण म्हणजे काय, हे आकड्यात कळत नाही. मला ते भाकरीत कळलं. ज्वारीची भाकरी थापायला तळहाताचा मागचा भाग आणि मनगट लागतं, आणि पीठ मळताना अंगठ्याखालचा गादीसारखा भाग. तिथेच माझं सगळं दुखणं बसलेलं. चार वर्षं भाकरी सूनबाई करायची. गुढीपाडव्यानंतर एका सकाळी ती नातवाला सोडायला गेली होती, मी परातीत पीठ घेतलं, गरम पाणी घातलं आणि मळायला लागले. तिसऱ्या-चौथ्या दाबाला लक्षात आलं की मी दात आवळलेले नाहीत. एक भाकरी केली. तव्यावर टाकताना कड फाटली. पण फुगली. त्या दिवशी यांनी ती फाटकी भाकरीच ताटात मागून घेतली.

आयर्विन पुलावर मी पूर्वी रोज सकाळी सांगलवाडीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचे. मधल्या काळात पुलाच्या तोंडाशी बाकावर बसून परत. आता आठवड्यातून चार दिवस पलीकडे जाऊन येते. परतताना एकदा थांबावं लागतं.

हे औषधानेच झालं का? हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला आणि मॅडमनाही. त्यांनी मला अभ्यास समजावून सांगितले. स्टॅनफर्डच्या जॅरेड यंगर यांनी २०१३ साली ३१ बायकांवर केलेल्या चाचणीत एलडीएनवर दुखणं २८.८ टक्के कमी झालं आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीवर १८ टक्के. मी घरी येऊन हिशेब मांडला. माझं ७ वरून ५, म्हणजे साधारण २८ टक्के. आणि ७ चे १८ टक्के म्हणजे सव्वा. याचा अर्थ माझ्या दोन गुणांतला सव्वा गुण कदाचित साध्या पाण्यानेही आला असता, आशेने, नियमाने, कुणीतरी लक्ष दिल्याने. उरलेला पाऊण औषधाचा. डेन्मार्कमध्ये त्यानंतर ९९ बायकांवर मोठी चाचणी झाली, सहा मिलिग्रॅम, बारा आठवडे. २०२४ साली ती प्रसिद्ध झाली. तिथे दुखण्यात ठाम म्हणावा असा फरक निघाला नाही. विसरण्याच्या तक्रारीत थोडा दिसला, तोही पुढे तपासायला हवा असं त्यांनीच म्हटलं. हे वाचून दोन दिवस मन खट्टू होतं. मग आठवलं की नातवाचे पाढे घेताना माझा आकडा आता हरवत नाही.

एक पुरावा नकळत मिळाला. श्रावणात गोळ्याच मिळाल्या नाहीत, सांगलीत नाही, मिरजेत नाही, १९ दिवस औषध बंद. पहिला आठवडा ५, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात रोज ७. पुन्हा सुरू केल्यावर पाच आठवड्यांनी ५ वर आलं. औषध बंद आहे हे मला माहीत होतं, त्यामुळे हा काही पक्का पुरावा नाही, असं मॅडम म्हणाल्या. बरोबर आहे त्यांचं. तरी मी बाटली परत भरली.

थायरॉइडसाठी मी याला गुण देणार नाही. अँटीबॉडी थोड्या उतरल्या, पण त्या आपोआपही खालीवर होतात. सकाळची थायरॉइडची गोळी आहे तेवढीच आहे. एलडीएन घेतलं म्हणून ती सोडायची नाही, आणि तपासणी चुकवायची नाही. आतड्याच्या क्रोन्स आजारावरही पेनसिल्व्हेनियात चाचण्या झाल्यात, २०११च्या चाचणीत ४० माणसं होती, निकाल आशा वाटावी असा होता. पण चाळीसच. औषध जुनं, पेटंट केव्हाच संपलेलं, त्यामुळे हजारो माणसांवर चाचणी करायला पैसे घालणार कोण? स्वस्त औषधाची ही किंमत आपण रुग्णच मोजतो, आणि याचा मला मनापासून राग येतो.

व्हिडिओंवाल्यांवर त्याहून जास्त. कॅन्सरपासून ऑटिझमपर्यंत सगळं एलडीएनने बरं होतं असं सांगणारे आहेत. दिवाळीत आमच्या बोळातल्या एक वहिनी माझ्याकडे आल्या. त्यांच्या यजमानांना कॅन्सर, शेवटचे महिने, मॉर्फिनच्या गोळ्या सुरू. पुतण्याने व्हिडिओ पाठवला होता. 'अक्का, तुमच्या बाटलीतलं थोडं द्या ना. थेंबभरच तर असतं.' त्यांच्या हातात वाटी होती झाकणाची. मी त्यांना बसवलं आणि माझी ती रात्र पहिल्यापासून सांगितली, जांभयांपासून सलाइनपर्यंत. म्हटलं, मी ट्रॅमाडॉलवर होते तर हे हाल झाले. भाऊजींचा सगळा आधार मॉर्फिनवर आहे, ते एका चमच्यात काढून घेतल्यासारखं होईल. वहिनी खूप वेळ वाटीकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर त्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मॉर्फिनची वेळ आणि मात्रा बदलून दिली, भाऊजींना त्याने जरा झोप लागायला लागली. ते माघात गेले. शांतपणे गेले असं वहिनी म्हणतात.

माझ्या पर्समध्ये तेव्हापासून एक कार्ड असतं, मराठीत लिहून प्लास्टिकमध्ये घातलेलं: मी रोज रात्री नाल्ट्रेक्सोन ३ मिलिग्रॅम घेते, अफूवर्गीय वेदनाशामक देण्याआधी डॉक्टरांनी हे वाचावं. अपघात झाला, ऑपरेशन ठरलं, तर भूलतज्ज्ञांना हे आधी कळायला हवं, औषध कधी थांबवायचं ते तेच सांगतात. गेल्या महिन्यात दाढ काढली तेव्हा दंतवैद्यांनी कार्ड वाचलं आणि लिहायला घेतलेली गोळी खोडून दुसरी दिली. खोडलेली ट्रॅमाडॉलचीच होती.

तर गुण. औषधाला पाचपैकी साडेतीन. मिळण्याच्या सोयीला दीड. मिरजेच्या मॅडमना पाच, कारण चुकीच्या उत्तरानंतरही त्यांनी मला परत विचारलं. तुम्ही घेणार असाल तर घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता, खोकल्याच्या बाटलीसकट. पट्टीवरची सगळी नावं वाचा, बारीक अक्षरातलीसुद्धा. वही आधी सुरू करा आणि बाटली नंतर.

परवा होळी झाली. पुरण पाट्यावर वाटायचं धाडस केलं नाही, पुरणयंत्रातून काढलं, ते सूनबाईने फिरवलं. पोळ्या मी लाटल्या. मध्ये दोनदा बसले. दुसऱ्या दिवशी मनगटं सुजल्यासारखी जड, वहीत ७ लिहिला. शेजारच्या रकान्यात लिहिलं, पोळ्या १८.